वजनाच्या १७ नोंदी, मनाची एकही नाही : मुलांच्या लठ्ठपणावर उपचार करणाऱ्यांना खुले पत्र

मुलांच्या आणि किशोरवयीनांच्या लठ्ठपणावर उपचार करणारे बालरोगतज्ज्ञ, हार्मोनतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ यांस,

सविनय नमस्कार.

माझ्या मुलीच्या फाइलचं शेवटचं पान समोर ठेवून हे पत्र लिहिते आहे. पानावर वजन आहे, उंची आहे, बीएमआय म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा आहे आणि तळाशी एक ओळ आहे : 'नॉन-कम्प्लायंट. वजनात अपेक्षित घट नाही. फॉलो-अप बंद.' नॉन-कम्प्लायंट म्हणजे सांगितलेलं न ऐकणारी, आणि फॉलो-अप म्हणजे पुढच्या तपासण्या. ही ओळ लिहिली तेव्हा ती साडेपंधरा वर्षांची होती. त्या दिवशी ती खोलीत तुमच्यासमोर खुर्चीवर बसलेली होती आणि कागद उलटा असला तरी तिला तो वाचता आला.

ज्या रुग्णालयात हे घडलं त्याचं नाव मी लिहिणार नाही. एका ठिकाणाबद्दलची तक्रार असती तर तिथेच दिली असती. पण गेल्या वर्षभरात तपासणीच्या रांगांमध्ये भेटलेल्या आयांशी मी बोलले, वडिलांशी बोलले, आणि प्रत्येकाच्या फाइलमध्ये थोड्याफार फरकाने हेच निघालं. म्हणून हे पत्र तुम्हा सर्वांना. माझ्या लेकीने ते वाचलं आहे. दोन वाक्यं तिने खोडायला लावली, एक स्वतः घातलं. तिच्या परवानगीशिवाय यातलं काही बाहेर गेलेलं नाही.

ती ११ वर्षांची असताना आम्ही पहिल्यांदा आलो. त्यानंतरच्या साडेचार वर्षांत फाइलमध्ये वजनाच्या १७ नोंदी आहेत. रक्तदाब ९ वेळा, उपाशीपोटीची साखर ६ वेळा, यकृताची सोनोग्राफी २ वेळा. मी एकेक पान उलटून मोजलं आहे. 'झोप कशी लागते', 'शाळेत जावंसं वाटतं का', 'मन कसं आहे' यांपैकी एकाही प्रश्नाची एकही नोंद नाही. विचारून लिहायचं राहिलं असेल असं मला वाटत नाही, कारण १७ पैकी प्रत्येक वेळी मी शेजारी बसले होते.

आधी माझ्या चुकीबद्दल लिहिते, म्हणजे पुढचं सगळं मी फक्त तुमच्यावर ढकलते आहे असं वाटायला नको. तिच्या मानेच्या मागे काळपट, मखमलीसारखा जाडसर पट्टा आला होता. मला तो मळ वाटला. अंघोळीच्या वेळी मी तो घासत असे, ती ओरडेपर्यंत. पुढे कळलं की तो मळ नव्हता. इन्सुलिन हे रक्तातली साखर पेशींमध्ये पोचवणारं हार्मोन. शरीरातल्या पेशी त्याला दाद देईनाशा झाल्या की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन ओतत राहतं, आणि ते वाढलेलं इन्सुलिन त्वचेच्या पेशींनाही वाढायला लावतं. मानेवर, काखेत असे पट्टे येतात. तुम्ही त्याला ॲकँथोसिस नायग्रिकन्स म्हणता. तो पट्टा रक्ताच्या तपासणीआधीच दिसणारी खूण आहे हे मला कोणी पहिल्या भेटीत सांगितलं असतं, तर माझ्या लेकीची मान दोन वर्षं सोलली गेली नसती. ती म्हणते, "तेव्हा मला वाटायचं मी आतूनच घाणेरडी आहे." हे तिने घातलेलं वाक्य.

त्याच काळात तिचा स्वभाव पालटत गेला. ती रडत बसली असती तर कदाचित आम्हाला लवकर उमगलं असतं. ती चिडायला लागली. दार आपटणं, विचारलेल्याला उलट बोलणं, मैत्रिणींचे फोन न उचलणं. चित्रं काढायची ती थांबली. रंग वाळून गेले तरी नवे मागितले नाहीत. रात्री दोन-अडीचपर्यंत जागी, सकाळी उठवता उठत नसे. शाळेतून आली की पलंगावर. आम्ही त्याला आळस म्हटलं, वयाचा दोष म्हटलं. तुम्हीही तेच म्हणालात. पण मुलांमधलं नैराश्य उदास चेहऱ्याऐवजी चिडचिडीनेही येऊ शकतं, हे तुमच्याच निदानाच्या निकषांत लिहिलेलं आहे. भूक वाढणं, झोप वाढणं किंवा उडणं, सतत थकवा, कशातच रस न वाटणं, हेही त्याच यादीत आहे. लठ्ठ मुलात मात्र यांतलं प्रत्येक लक्षण वजनाच्या खात्यावर जमा होतं. थकते कारण जाड आहे. खाते कारण जिभेवर ताबा नाही. खेळत नाही कारण आळशी आहे. अशाने आजार डोळ्यांसमोर असूनही कोणाला दिसत नाही.

मी डॉक्टर नाही. पण ती ओळ वाचल्यापासून जे मिळेल ते वाचत आले आहे, समजेना तिथे जाणकारांना विचारत आले आहे. जे समजलं ते तुम्हाला नवं नाही. तरी लिहिते, कारण हे पत्र इतर पालकही वाचतील.

मन आणि चयापचय ही दोन वेगळी दुकानं नाहीत. सतत ताणाखाली असलेल्या मुलाच्या मेंदूतून निघालेला निरोप मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींपर्यंत जातो आणि कॉर्टिसोल हे ताणाचं हार्मोन वाढतं. कॉर्टिसोल यकृताला जास्त साखर सोडायला लावतं, इन्सुलिनचा परिणाम कमी करतं, भूक वाढवतं आणि चरबी पोटाच्या आत, अवयवांभोवती साठवायला मदत करतं. दुसऱ्या बाजूने, ती चरबी नुसती पडून राहत नाही. तिच्यातून दाह वाढवणारी रसायनं रक्तात उतरतात, आणि असा मंद दाह आणि नैराश्य यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. झोप तर दोन्हीकडून कापली जाते. मन ठीक नसलं की झोप उडते. गळ्याभोवतीच्या चरबीमुळे रात्री श्वास अडखळला तरी झोप तुटते. झोप तुटली की दुसऱ्या दिवशी इन्सुलिन आणखी कमी चालतं, भूक आणखी लागते, चिडचिड आणखी होते. १३ ते १८ वयाच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप लागते. माझ्या लेकीला शाळेच्या दिवसांत ५ तास मिळत होती, आणि आमच्या हातातला कागद फक्त खाण्याचा होता. त्यात वयात येण्याच्या काळात इन्सुलिनचा परिणाम सगळ्याच मुलांमध्ये थोडा कमी होतो. म्हणजे आधीच चढण, आणि वर ही सगळी ओझी.

मेंदूबद्दलचं एक संशोधन वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी ९ ते १७ वयाची, वजन जास्त असलेली आणि नैराश्यावर अजून उपचार सुरू न झालेली ४२ मुलं तपासली. ज्यांच्यात इन्सुलिनचा अवरोध, म्हणजे पेशींनी इन्सुलिनला दाद न देणं, जास्त होता, त्यांच्यात आवडत्या गोष्टींतलं सुख न जाणवण्याचं लक्षणही जास्त होतं, आणि मेंदूच्या आनंद व प्रेरणेशी जोडलेल्या भागांतही फरक दिसले. अभ्यास लहान आहे. कोणामुळे काय झालं हे त्यावरून ठरत नाही, हे मला कळतं. पण वाळलेल्या रंगांची ती पेटी मला आठवली. तिला आम्ही आळशी म्हणत होतो.

मोठा अभ्यास हवा असेल तर तोही आहे. स्वीडनमध्ये लठ्ठपणावर उपचार घेणाऱ्या १२,००० हून अधिक मुलांची तुलना इतर मुलांशी केली गेली आणि ती २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. चिंता आणि नैराश्याचा धोका लठ्ठ मुलींमध्ये ४३ टक्क्यांनी आणि मुलग्यांमध्ये ३३ टक्क्यांनी जास्त निघाला. आईवडिलांचा मानसिक आजार, घरची आर्थिक स्थिती हे सगळं हिशेबात धरूनही. उलट दिशाही तितकीच खरी. २०१० मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात, लठ्ठ व्यक्तींना पुढे नैराश्य येण्याची शक्यता ५५ टक्क्यांनी जास्त होती आणि नैराश्य असलेल्यांना पुढे लठ्ठपणा येण्याची शक्यता ५८ टक्क्यांनी. त्यात बहुतेक प्रौढ होते, पण रस्ता दोन्ही बाजूंनी वाहता आहे हे त्यावरून कळतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजणीनुसार २०२२ मध्ये जगात ५ ते १९ वयाची १६ कोटी मुलं लठ्ठ होती. त्यांतल्या किती जणांना वजनकाट्यावरून उतरल्यावर 'मन कसं आहे' असं विचारलं गेलं असेल?

आता एका सहा आठवड्यांच्या काळाबद्दल.

ती १४ वर्षांची असताना दोन तपासण्यांच्या मधल्या सहा आठवड्यांत तिचं वजन साडेतीन किलोने उतरलं. आकडा बघून सगळे खुलले. नर्सबाईंनी पाठ थोपटली, आहारतज्ज्ञ ताई म्हणाल्या, "बघ, मनावर घेतलं की जमतं!" डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या दुसऱ्या एका मुलीला आत बोलावून सांगितलं की हिच्याकडून शिक. मी घरी येताना तिला जवळ घेतलं. त्या सहा आठवड्यांत ती दिवसभर काहीही खात नव्हती. डबा शाळेत टाकून देत होती. रात्री सगळे झोपले की हाताला लागेल ते भराभर खायची आणि मग न्हाणीघरात नळ सोडून रडायची, आवाज बाहेर येऊ नये म्हणून. हे तिने मला वर्षाने सांगितलं. तिच्या आयुष्यातला तो सर्वांत वाईट काळ होता आणि फाइलमध्ये त्या तारखेसमोर लिहिलं आहे : 'उत्तम प्रतिसाद.'

पुढच्या खेपेला पाच किलो वाढलं. "केलेली मेहनत वाया घालवलीस," एवढंच तिला ऐकवलं गेलं. वजन का उतरलं हे कोणी विचारलं नव्हतं; ते का चढलं हेही विचारलं नाही. वजन उतरलं म्हणजे मूल बरं होतंय, असं धरून चालणं किती घातक आहे हे मला दुसऱ्या कोणत्याही उदाहरणाने सांगता येणार नाही.

पहिला प्रश्न शेवटी दवाखान्याबाहेरून आला. शाळेतल्या समुपदेशक बाईंनी एके दिवशी तिला थांबवून विचारलं, "तुला झोप लागते का गं?" ती तिथेच उभ्या उभ्या रडली. बाईंनी मला बोलावलं, आम्ही मनोविकारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. त्यांनी तिचं ऐकून घेतलं, तिला एकटीला आत बसवून, मला बाहेर ठेवून. समुपदेशन सुरू झालं, औषधं सुरू झाली, महिन्याभरात ती रात्री झोपू लागली, आणि एका रविवारी तिने पेन्सिल हातात घेतली.

पण त्या औषधांमध्ये एक औषध दुसऱ्या पिढीच्या अँटिसायकोटिक, म्हणजे मनाच्या तीव्र आजारांवर वापरल्या जाणाऱ्या गटातलं होतं. या गटातली काही औषधं भूक आणि वजन झपाट्याने वाढवतात, साखर आणि चरबीचं प्रमाण बिघडवतात, आणि मुलांमध्ये हा परिणाम ठळक दिसतो. हे गुपित नाही. २००४ मध्येच अमेरिकन डायबेटिस असोसिएशन, अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशन आणि इतर संस्थांनी एकत्र येऊन सांगितलं होतं की असं औषध सुरू करण्याआधी वजन, कंबरेचा घेर, रक्तदाब, साखर आणि चरबी तपासा, मग ४, ८ आणि १२ आठवड्यांनी पुन्हा वजन बघा, १२ आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासा. माझ्या मुलीचं त्या खोलीत एकदाही वजन झालं नाही. तिथे काटाच नव्हता. दहा आठवड्यांत सहा किलो वाढले. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी चाचणी ५.९ टक्क्यांवर आली. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा.

मी वजनाच्या दवाखान्यात सांगितलं की नवं औषध सुरू आहे, त्यानंतर वाढलंय. उत्तर मिळालं, "औषधाचं त्यांना विचारा." मनाच्या दवाखान्यात सांगितलं की वजन वाढतंय. उत्तर मिळालं, "वजनाचं तिकडे विचारा." दोन्ही दारांच्या मध्ये एकच जिना होता. चार मिनिटांचा एक फोन कोणी केला नाही. आणि औषधाने वाढलेले ते सहा किलो पहिल्या फाइलमध्ये तिचा गुन्हा म्हणून जमा झाले. 'नॉन-कम्प्लायंट' ही ओळ त्यानंतरच्या भेटीतली आहे.

म्हणून त्या शब्दाबद्दल मला थोडं सविस्तर बोलायचं आहे. ज्या मुलीला सकाळी अंथरुणातून उठण्याचंच बळ नाही, तिला रोज तासभर चालायला सांगितलं आणि ती चालली नाही, तर तिने ऐकलं नाही म्हणायचं की तिला जमलं नाही म्हणायचं? पाय मोडलेलं मूल धावलं नाही तर तुम्ही फाइलमध्ये 'ऐकत नाही' असं लिहीत नाही. भूक ही निव्वळ इच्छाशक्तीची बाब नाही, हे तर तुमच्या शास्त्राने केव्हाच दाखवलं आहे. १९९४ मध्ये लेप्टिन या चरबीतून निघणाऱ्या आणि भूक आवरणाऱ्या हार्मोनचा शोध लागला. १९९७ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दोन लहान भावंडांची माहिती प्रसिद्ध केली. एकमेकांची चुलत-मावस नात्यातली, शरीरात लेप्टिनच नव्हतं, म्हणून भूक थांबतच नव्हती. लेप्टिनचं इंजेक्शन दिल्यावर भूक आटोक्यात येते, हेही पुढे दिसलं. तसा दोष फार विरळा असतो आणि माझ्या मुलीत तो नाही. पण त्या मुलांना कोणी 'मनावर घे' म्हणालं असतं तर किती क्रूर ठरलं असतं! बाकीच्या मुलांची भूकही जनुकं, झोप, ताण, औषधं यांच्याच हातात बरीचशी असते. फक्त त्यांचा धागा इतका सरळ दिसत नाही.

आणि हे फॉलो-अप बंद करणं ही साधी गोष्ट नाही. अमेरिकेत टुडे नावाच्या मोठ्या अभ्यासात, १० ते १७ वयात टाइप-२ मधुमेह झालेल्या मुलांच्या मागे संशोधक वर्षानुवर्षं राहिले. निदानानंतर १५ वर्षांत ६० टक्के जणांना मूत्रपिंड, डोळे किंवा नसा यांपैकी निदान एका ठिकाणी गुंतागुंत झालेली होती. तोवर त्यांचं सरासरी वय २६. माझी मुलगी त्या वाटेच्या तोंडाशी उभी आहे आणि तिला बाहेर पाठवण्यात आलं. नैराश्य असलेली मुलं उपचार अर्ध्यावर सोडण्याची भीती असते. ज्याने सगळ्यात जास्त धरून ठेवायचं, त्यानेच तिचा हात सोडला.

काही लहान वाटणाऱ्या गोष्टी. वजन मोठ्याने पुकारणं, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. रक्तदाबाचा पट्टा दंडाला पुरेना, तो फटकन सुटला, आणि "हिच्यासाठी दुसरा आणावा लागेल" असं दारातून ओरडून सांगणं. लहान पट्ट्याने दाब खोटाच जास्त दाखवतो, तेव्हा मोठा पट्टा खोलीतच असायला हवा होता. दर भेटीत मला विचारणं, "घरी काय खायला घालता हिला?", तिच्यासमोर, ती खुर्चीत आणखी खाली सरकत असताना. २०२० मध्ये जगभरातल्या तज्ज्ञांनी लठ्ठपणाचा कलंक संपवण्यासाठी संयुक्त निवेदन काढलं. अपमानाने वजन कमी होत नाही, उलट शरीर आणि मन दोन्ही बिघडतं, असं त्यात स्पष्ट आहे. ते निवेदन तपासणीच्या खोलीपर्यंत पोचलेलं मला दिसलं नाही.

तुमच्यापैकी काही जणांशी मी बोलले तेव्हा तीन उत्तरं मिळाली. वेळ नाही, हे पहिलं. मला ते खोटं वाटत नाही. बाहेर किती गर्दी असते ते मीच बघितलंय. पण नैराश्याची पडताळणी करणारी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली फक्त ९ प्रश्नांची आहे, तिचं किशोरवयीनांसाठीचं रूपही आहे, आणि ती आम्ही बाहेर बाकावर बसून भरू शकतो. तासतास बसलेलेच असतो. दुसरं उत्तर : असं विचारल्याने नको ते विचार डोक्यात येतील. जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल विचारल्याने तसे विचार वाढत नाहीत, हे संशोधनाने पुन्हा पुन्हा दाखवलं आहे. न विचारल्याने काय होतं ते मी न्हाणीघरातल्या त्या रात्रींबद्दल लेकीकडून ऐकून शिकले. तिसरं उत्तर : आधी वजन उतरू द्या, मन आपोआप सुधारेल. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली नीट चाललेल्या उपचारांत मुलांचं नैराश्य बहुधा कमी होतं, हे खरं आहे. पण मग तोच आधार काढून घ्यायचा निर्णय कसा योग्य ठरतो? आणि व्यायामाने तर वजन न उतरताही इन्सुलिन चांगलं चालू लागतं, मनही हलकं होतं. म्हणजे काटा हलला नाही तरी मूल सुधारत असू शकतं. ते तुम्ही मोजत नाही, म्हणून तुम्हाला दिसत नाही.

माझ्या मागण्या साध्या आहेत. त्यांतली एकही महागडी नाही.

लठ्ठपणासाठी येणाऱ्या प्रत्येक मुलाची झोप आणि मन यांची नोंद दर भेटीत वजनाच्या शेजारी व्हावी. १२ वर्षांपुढच्या प्रत्येकाने वर्षातून निदान एकदा प्रश्नावली भरावी. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत हे लिहिलेलंच आहे, मी नवं काही मागत नाही. भरलेली प्रश्नावली त्याच दिवशी, मूल घरी जाण्याआधी वाचली जावी. नवव्या प्रश्नाचं उत्तर, म्हणजे जगणं नको वाटतं का याचं, फाइलमध्ये दोन महिने पडून राहता कामा नये. आणि काही निघालं तर कोणाकडे पाठवायचं ते नाव आधीच ठरलेलं असावं.

वजन झपाट्याने उतरलं तर कौतुक करण्याआधी खाण्याबद्दल विचारावं. उपाशी राहतेस का, लपून खातेस का, खाल्ल्यावर काय वाटतं. हे आईवडिलांना बाहेर बसवून विचारावं. मी बाहेर बसायला तयार आहे. मला आधीच बाहेर बसवलं असतं तर बरं झालं असतं.

मनोविकारतज्ज्ञांना विनंती अशी की वजन वाढवणारं औषध सुरू करण्याआधी आणि नंतर ठरलेल्या आठवड्यांनी वजन, घेर, रक्तदाब, साखर, चरबी तपासावी. तुमच्या खोलीत काटा असावा. चालण्यासारखं दुसरं औषध असेल तर ते विचारात घ्यावं, आणि जे देणार त्याचा हा परिणाम आम्हाला पहिल्या दिवशी सांगावा. इतर पालकांना इथेच सांगते : हे वाचून कोणीही मुलाचं औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका. आमच्या मुलीचं औषध डॉक्टरांनीच हळूहळू कमी करून बदललं, आणि ती अजून झोपते आहे.

दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांशी बोलावं. एक फाइल नको असेल तर निदान एकमेकांची चिठ्ठी वाचावी. मूल एकच आहे, त्याला जिन्यावर वर-खाली पाठवू नये.

'नॉन-कम्प्लायंट' हा शब्द मुलांच्या फाइलमधून काढून टाकावा. त्या जागी काय जमलं नाही आणि का जमलं नाही हे लिहावं. वजन उतरलं नाही एवढ्याच कारणाने कोणाचंही फॉलो-अप बंद करू नये. सुधारणा मोजताना साखर, रक्तदाब, झोप, शाळेतली हजेरी आणि मुलाचं स्वतःचं म्हणणं, हे सगळं वजनाइतकंच धरावं.

वजन आडोशाला करावं, आकडा पुकारू नये, मोठा पट्टा खोलीत ठेवावा. हे तर उद्या सकाळपासून होऊ शकतं.

आम्ही आता दुसऱ्या ठिकाणी जाणार आहोत. या महिनाअखेरीस पहिली भेट आहे. माझी लेक प्रश्नावली घरूनच भरून आणणार आहे, नवव्या प्रश्नासकट. कृपा करून ती काट्यावर चढण्याआधी वाचा.

आपली नम्र,
१६ वर्षांच्या एका मुलीची आई